सरांची नक्कल

व्याकरणात कच्चा, निबंधाला घाबरणारा, मागच्या बाकावरून खिडकीबाहेर बघत बसणारा मुलगा असला तरी त्याला शाळेत एक गोष्ट उत्तम येते, ती म्हणजे सरांची नक्कल. सर वर्गात शिरताना कुठला खांदा आधी आत येतो, हजेरी घेताना कुठल्या आडनावाशी ते अडखळतात, खडू मोडला की काय पुटपुटतात, रागावले की आवाज चढतो की उतरतो, हे सगळं त्याला कुणी न शिकवता पाठ असतं. शाळा सुटून चाळीस वर्षं होतात. धडे विसरतात, कवितांची दोन-दोन कडवी उरतात, नक्कल मात्र जशीच्या तशी राहते. जुनी बॅच जमली की कुणीतरी उठून उभं राहतं, मान किंचित तिरकी करतं, आणि एक शब्दही बोलायच्या आत सगळ्या खोलीला कळतं की कोण आलं.

असे सर कादंबरीकारही असले, तर त्यांची आठवण नेमकी कुणाकडे असते? वाचकाकडे की विद्यार्थ्याकडे? गेल्या पावसाळ्यात शनिवार पेठेत, सुदर्शन रंगमंचावर पाहिलेल्या एका नाटकाने हा प्रश्न माझ्यापुढे ठेवला आणि तो अजून तिथेच आहे.

नाटकाचं नाव देत नाही, कारण ते बदलायचं आहे असं मंडळींनीच सांगितलं. हा त्यांचा अगदी सुरुवातीचा प्रयोग होता. गट तरुण आहे. बहुतेकजण 'पुरुषोत्तम' या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेतून आलेले. १९६३ पासून पुण्यातल्या कॉलेजांची किती मुलं त्या एका करंडकापायी भरत नाट्य मंदिराच्या विंगांमध्ये नाटक शिकली! त्या स्पर्धेतून आलेल्या मुलांना आवाज टाकायचा कसा हे माहीत असतं, पण हळू कसं बोलायचं हे बऱ्याचदा नंतर शिकावं लागतं. ही मुलं ते शिकलेली दिसली. नाटकातले सर कुठल्याही एका खऱ्या लेखकावर बेतलेले नाहीत, असं सुरुवातीच्या निवेदनातच सांगितलं होतं. मला ते बरं वाटलं. नाहीतर प्रेक्षकांतला निम्मा जाणकार वर्ग 'हे अमुक असणार' याच शोधात दोन तास घालवतो.

गोष्ट साधी आहे. सत्तरीची एक निवृत्त शिक्षिका. तालुक्याच्या गावी ज्यांच्या हाताखाली शिकली त्या सरांची जन्मशताब्दी, आणि त्यानिमित्त पुण्यात कार्यक्रम. सर मोठे कादंबरीकार. व्यासपीठावर समीक्षक, प्रकाशक, विद्यापीठातले लोक. आणि 'एक विद्यार्थिनी' म्हणून हिला बोलायचं आहे. आभाराच्या आधी पाच मिनिटं. संयोजकांचा फोन येतो तेव्हा ते दोनदा सांगतात, पाच मिनिटंच हं ताई. मग ही बाई घरी भाषणाची तयारी करत बसते. सोबतीला भाची, मराठी घेऊन एम.ए. करणारी, मोबाइलवर मावशीचं भाषण टाइप करून देणारी. शेवटचा प्रसंग सोडला तर सबंध नाटक त्या एका खोलीत घडतं. एक पलंग, एक टेबल, पुस्तकांचं कपाट आणि एक लाकडी खुर्ची. सर रंगमंचावर येत नाहीत, पण मावशी त्यांची नक्कल करते.

पहिल्यांदा ती करते ती भाचीला हसवायला. हजेरीचा कॅटलॉग काखेत धरून चालणारे सर, नाकात बोलणारे सर, 'बसा' म्हणताना स्वतःच आधी बसणारे सर. प्रेक्षक खळखळून हसले. परीक्षेच्या हॉलमधला प्रसंग तर फारच सुरेख बसवला आहे. पर्यवेक्षणाला आलेले सर कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून पुरवणीच्या कागदावर कादंबरी लिहिताहेत, आणि मुलं 'सर, पुरवणी' म्हणून हात वर करून ताटकळली आहेत. मावशी दोन्ही बाजू करते, हात वर केलेल्या मुलीची आणि मान खाली घातलेल्या सरांची. मग एकदम त्या सरांची मान वर येते. डोळे वर्गावर आहेत, पण वर्ग दिसत नाहीये. त्या क्षणी हसणं थांबलं. आम्ही सगळे एका लिहिणाऱ्या माणसाकडे बघत होतो, आणि त्याला लिहिताना पाहिलेली माणसं जगात फक्त तीच होती: सातवी-आठवीतली, पुरवणी मागणारी मुलं.

मला नाटकाचं मर्म इथे सापडलं. वाचकाकडे पुस्तक असतं. समीक्षकाकडे आवृत्त्या, पत्रव्यवहार, मुलाखती असतात. विद्यार्थ्याकडे असतं ते कुठे लिहून ठेवलेलं नसतं. ते त्याच्या मानेत, हातात, घशात असतं. कागदावर उतरवायला गेलं की त्याचं 'सर अत्यंत तळमळीने शिकवीत असत' असं वाक्य होतं आणि सर नाहीसे होतात. गौरवग्रंथांत अशी वाक्यं पानोपानी असतात. लिहिणाऱ्याची माया खरी असते, पण हाताला काही लागत नाही. त्याच विद्यार्थ्याला उभं करा आणि म्हणा, करून दाखव. मग बघा.

म्हणजे ही आठवण नाटकाचीच आहे. तिला शरीर लागतं.

आता भाची. लेखकाने तिला नुसती होयबा केली नाही, याबद्दल त्याला मनापासून दाद द्यायला हवी. तिने सरांच्या कादंबऱ्या वाचल्या आहेत, एक तर नेमलेलीच आहे, आणि तिची तक्रार पक्की आहे. ती म्हणते, "मावशी, तुझ्या सरांच्या सगळ्या नायिका शेवटी कुणासाठी तरी काहीतरी सोडून देतात. एक शिक्षण सोडते, एक नोकरी सोडते, एक तर गाणंच सोडते. आणि सर त्याला त्याग म्हणतात." मावशी चिडते, पुस्तकं काढते, पानं उलटते, आणि भाचीचं म्हणणं खोडायला तिला काही सापडत नाही. तिला सापडते ती एक हकिकत. अकरावी मॅट्रिक झाल्यावर तिचं शिक्षण थांबणार होतं, वडिलांनी स्थळं बघायला घेतली होती. सर घरी आले. त्यांनी वडिलांशी बोलून तिला कॉलेजात पाठवलं. ज्या माणसाने कादंबरीत मुलीला शिक्षण सोडायला लावलं, त्याने गावात एका मुलीचं शिक्षण सुटू दिलं नाही.

इथे मावशीच्या तोंडी एक वाक्य आहे: सरांनी जे पाहिलं ते लिहिलं आणि जे व्हायला हवं होतं तसे ते वागले. टाळ्या पडल्या. मला ते वाक्य नको वाटलं. फार घोटीव आहे. इतकी वर्षं मनात राहिलेला गुंता असा एका फटक्यात सुटत नाही, आणि भाचीच्या प्रश्नाचं ते उत्तरही नाही. चांगलं वागणाऱ्याने वाईट कादंबरी का लिहावी, हा प्रश्न शिल्लकच राहतो. नशिबाने नाटक तिथे थांबत नाही. भाची गप्प होत नाही, "पण मग लिहिलं का नाही?" असं ती पुन्हा विचारते, आणि मावशी उत्तर न देता उठते. दाराबाहेर चपला काढते. वाकून आत येते. त्या लाकडी खुर्चीच्या अगदी कडेवर बसते, पाठ न टेकता. समोर कुणीतरी चहाचा कप ठेवतं, तो दिसत नाही, पण आपल्याला दिसतो. सर कपाला हात लावत नाहीत. वडील म्हणतात, घ्या ना मास्तर. सर नुसते बसून राहतात. चहावर साय धरते. आपल्याकडे दारी आलेल्या मास्तरांनी चहा न घेता बसून राहणं म्हणजे घरावर केवढं ओझं, ते प्रेक्षकांतल्या प्रत्येकाला माहीत होतं. शेवटी वडील म्हणतात, "बरं, पाठवतो." आणि सर तो गार चहा एका दमात पितात.

सगळी नक्कल, एक शब्दही सरांचा नाही. त्या नटीचं वय तीसही नसेल. केसांना पांढरा रंग लावून म्हातारी होणाऱ्या नट्या पुष्कळ पाहिल्या. हिने फक्त बसण्यातून एक पन्नाशीकडे झुकलेला पुरुष उभा केला, आणि त्या पुरुषाकडे दाराआडून बघणारी सोळा वर्षांची मुलगीही.

प्रयोग संपल्यावर ओंकारेश्वराच्या बाजूने पुलावरून चालत निघाले. नदीला पाणी चांगलं होतं. पलीकडे बालगंधर्व. १९६८ सालापासून उभ्या असलेल्या त्या रंगमंदिरात थोरामोठ्यांवरची किती नाटकं होऊन गेली असतील. थोर माणूस स्वतः रंगमंचावर आला की नाटककाराची पंचाईत होते. त्याच्या तोंडी सामान्य वाक्य घालवत नाही आणि सतत असामान्य बोलणारा माणूस दोन तास सोसत नाही. वसंत कानेटकरांनी 'हिमालयाची सावली'मध्ये ही अडचण फार शहाणपणाने ओळखली. १९७२ सालचं नाटक. प्रेरणा महर्षी कर्व्यांच्या आयुष्याची, पण नायकाचं नाव नानासाहेब भानू, आणि नाटक बघायचं ते त्याच्या बायकोच्या, बयोच्या बाजूने. मोठ्या माणसाला त्याच्याजवळ राहून ज्याने सोसलं, त्याच्या नजरेने त्याच्याकडे बघायचं. शनिवार पेठेतल्या या लहानशा नाटकाने तीच वाट धरली आहे. इथे बायकोच्या जागी विद्यार्थिनी आहे. तिने सोसलं कमी आणि मिळवलं जास्त, म्हणून तिला खरं बोलणं अधिक अवघड जातं.

कर्व्यांवरून हिंगणे आठवलं आणि हिंगण्यावरून वामन मल्हार जोशी. मराठी कादंबरीत विचार करणारी, वाद घालणारी स्त्री आणली ती या माणसाने. 'रागिणी' १९१५ची, 'सुशीलेचा देव' १९३०चा, 'इंदु काळे व सरला भोळे' १९३४ची, ती सगळी पत्रांतून लिहिलेली. तत्त्वज्ञानाचा पदवीधर, 'नीतिशास्त्रप्रवेश' लिहिणारा. १९०८ साली 'विश्ववृत्त' मासिकातल्या एका लेखापायी प्राध्यापक विजापूरकरांबरोबर तीन वर्षं तुरुंगाची शिक्षा झालेला. आणि नंतर प्राध्यापक कुठे, तर कर्व्यांच्या महिला महाविद्यालयात, हिंगण्याला. आज ज्याला आपण कर्वेनगर म्हणतो आणि सिग्नलला कंटाळतो, तिथे. समोर बसलेल्या विद्यार्थिनींतल्या कितीजणी घरच्यांशी भांडून आलेल्या असतील, कितीजणी विधवा असतील. त्यांच्यातली एखादी पुढे 'इंदु काळे व सरला भोळे' वाचायला घेते. पत्रातला युक्तिवाद वाचता वाचता तिला ओळख पटते: हा प्रश्न आधी या अंगाने, मग त्या अंगाने फिरवून बघण्याचा ढंग, हे तर आपल्या तासाला चालायचं! वामन मल्हारांच्या कादंबऱ्यांत माणसं जागोजाग चर्चेला बसतात आणि कथानक ताटकळत उभं राहतं, असं समीक्षक म्हणत आले. वाचक म्हणून मलाही काही पानं जड गेली आहेत. पण हिंगण्याच्या त्या मुलीला ती जड गेली असतील का? तिला त्या पानांतून तास ऐकू आला असेल. त्या मुलीवर कुणीतरी नाटक लिहायला हवं. पुण्यात लिहायचं नाही तर कुठे?

आणि शिरोडं. वि. स. खांडेकर १९२० साली तिथल्या शाळेत शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत राहिले. पुण्यात फर्ग्युसनला शिकलेला, डोळ्यांनी अधू, तब्येतीने नाजूक तरुण समुद्रकाठच्या त्या गावात दिवसा वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात लिहायचा. 'हृदयाची हाक' १९३०ची. त्याच वर्षी शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, म्हणजे वर्गाच्या खिडकीबाहेर काय चाललं असेल बघा. 'उल्का' १९३४ची. मग सिनेमाच्या लेखनासाठी ते कोल्हापूरला गेले. 'ययाति' आली १९५९ साली, आणि १९७४चं ज्ञानपीठ मिळालं. मराठीला मिळालेलं ते पहिलं. त्या बातमीच्या दिवशी शिरोड्यातला एखादा जुना विद्यार्थी साठीला आलेला असणार. सगळा महाराष्ट्र ययाती-देवयानीबद्दल बोलत असताना त्याच्या डोळ्यांपुढे कोण आलं असेल? माझी खात्री आहे की फळ्याशी उभा असलेला एक किडकिडीत मास्तर.

मी हे इतक्या खात्रीने म्हणते, कारण मीही एका कादंबरीकाराची विद्यार्थिनी आहे. आमच्या कॉलेजात मराठी शिकवणारे एक सर कादंबऱ्या लिहायचे. त्यांचं नाव इथे घालत नाही. ते गेले, त्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या निघत नाहीत. अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधीतरी एखादी दिसते, मी ती घेऊन येते. सरांची एक लकब होती. बाकीचे लोक वाचायला चष्मा लावतात, सर काढायचे. हातातलं पुस्तक मिटायचे, चष्मा काढायचे आणि तुकोबांचा अभंग म्हणायला लागायचे. पाठ असायचा. आणि म्हणताना त्यांना आमचे चेहरे स्पष्ट दिसायला नको असावेत, असं मला वाटतं. कुणाच्या चेहऱ्यावर कंटाळा दिसला असता तर त्यांना ते सोसलं नसतं. मध्ये एक चरण झाला की ते थांबायचे. तो थांबा मोठा असायचा. पहिल्या वर्षी आम्ही त्यात खुसखुसायचो, तिसऱ्या वर्षी त्यात श्वास धरून बसायचो.

त्यांची कादंबरी मी माझ्या एका मैत्रिणीला वाचायला दिली. मैत्रीण चोखंदळ वाचक आहे, मराठीतलं जुनं-नवं सगळं वाचलेली. परत देताना म्हणाली, "संथ आहे गं. वाक्यं लांबतात, मध्येच तुटतात." बरोबर आहे तिचं. पानावर ती तशीच आहेत. पण मी वाचते तेव्हा जिथे वाक्य तुटतं तिथे सर चष्मा काढून उभे असतात, आणि तो थांबा मला भरलेला वाटतो. माझ्याजवळ जे आहे ते मी मैत्रिणीला पुस्तकातून देऊ शकत नाही, आणि तिचं मत मला खोटं म्हणता येत नाही. नाटकातली भाची आणि मावशी ज्या जागी अडल्या, तीच ही जागा. मावशीला भाचीने जिंकू दिलं नाही आणि भाचीला मावशीने. माझ्या मते हे या नाटकाचं सगळ्यात मोठं यश आहे. कृतज्ञतेपोटी न्याय फिरवायचा नाही आणि न्याय करताना कृतज्ञता आखडायची नाही, हे दोन्ही एका खोलीत ठेवायला धैर्य लागतं. आपल्या साहित्यविषयक कार्यक्रमांत ते क्वचित दिसतं. तिथे एकतर आरती असते नाहीतर खटला.

नाटकात मला खुपलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात, कारण मंडळी अजून त्यावर काम करताहेत. मागच्या पडद्यावर जुन्या पेठांची, वाड्यांची कृष्णधवल छायाचित्रं येत राहतात. त्यांची काही गरज नाही. गोष्टीतलं गाव पुणे नाहीच. दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दोन ठिकाणी सरांच्या कादंबरीतले उतारे ध्वनिमुद्रित आवाजात ऐकू येतात. आवाज भारदस्त, कमावलेला, खाली बासरी. आणि इथे घात होतो. तोवर आम्ही मावशीच्या तोंडून सरांचा आवाज ऐकलेला असतो, किंचित नाकातला, 'श' आणि 'ष' वेगळे म्हणण्याचा आग्रह धरणारा, वाक्याच्या शेवटी विरत जाणारा. तो आमचा झालेला असतो. मग हा परका बुलंद माणूस कुठून आला? ते उतारे मावशीनेच वाचायला हवेत. आधी भाचीने तिच्या पद्धतीने, परीक्षेला नेमलेलं पान वाचतात तसं सपाट, आणि मग तेच पान मावशीने सरांच्या ढंगात. तेच शब्द, दोन वाचनं. मग भाचीचा आक्षेप आणि मावशीची माया, दोन्ही ऐकू येतील आणि कुणाला काही समजावून सांगावं लागणार नाही.

प्रयोगानंतर तिथेच गप्पा झाल्या. दिग्दर्शकाने प्रेक्षकांना मतं विचारली, पण मतं फार थोडी आली. लोक आपापल्या सरांबद्दल बोलायला लागले. एक आजोबा उठले आणि गणिताचे मास्तर कोन काढताना जीभ कशी बाहेर काढायचे ते करून दाखवलं. एका बाईंनी शिवणाच्या बाईंची सुई ओवण्याची तऱ्हा केली. कादंबरीकार त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. पण प्रत्येकाची नक्कल बिनचूक असावी, कारण आम्ही त्या मास्तरांना कधी पाहिलं नव्हतं तरी ते आम्हाला ओळखीचे वाटले. पुण्यात अशी सत्तरी-ऐंशीची माणसं गल्लोगल्ली आहेत, लेखकांचे, संशोधकांचे, गवयांचे विद्यार्थी. त्यांच्या मुलाखती घेतात तेव्हा त्यांना आठवणी 'सांगायला' लावतात. कुणी कॅमेरा लावून 'करून दाखवा' म्हणेल तर फार मोलाचं काही हाती लागेल. लवकर करायला हवं एवढंच.

दिग्दर्शकाशी माझा वाद झाला तो शेवटावरून. नाटकाच्या शेवटी कार्यक्रमाचा दिवस उजाडतो. मावशी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहते, "अध्यक्ष महाशय आणि मान्यवर" एवढं म्हणते, टाइप केलेला कागद मिटते, आणि अंधार. पुढे ती काय बोलली ते प्रेक्षकांनी कल्पावं, असं त्याचं म्हणणं. मला हे पटलं नाही आणि मी ते स्पष्ट सांगितलं. दोन तास त्या बाईने त्या पाच मिनिटांसाठी जिवाचं रान केलं. भाचीचे प्रश्न अंगावर घेतले. संयोजकांनी तिला आभाराच्या आधी ढकललं, समीक्षकांनी तिला धरलंच नाही. आता नाटकाने तरी तिचा वेळ कापू नये. तिच्या तोंडून ते भाषण ऐकायचा प्रेक्षकांचा हक्क आहे, आणि तिचाही. त्यात ती सरांच्या नायिकांबद्दल काय म्हणणार? भाचीचा प्रश्न व्यासपीठावरून सगळ्यांसमोर विचारणार की पोटात ठेवणार? गार चहाची हकिकत सांगणार की सगळ्या मान्यवरांसमोर खुर्चीच्या कडेवर बसून दाखवणार? लेखकाला हे माहीत नसेल तर त्याने बसून शोधायला हवं. दिग्दर्शक म्हणाला, "पाच मिनिटांचं भाषण शेवटी पडेल हो." मी म्हटलं, "पडलं तर पडलं, पण लिहून तर बघा." लेखक मुलगा शेजारीच उभा होता, तो काही बोलला नाही, पण त्याने वही काढली. पुढचा प्रयोग जाहीर झाला की मी जाणार आहे.